४ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर कोडिंगला कोणता एडिटर टाकू?

कृष्णाकाठचा_पोरगा

नमस्कार मंडळी, मी सांगलीत बीएस्सी कॉम्प्युटर (एन्टायर) दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या लॅबमध्ये सगळं टर्बो सी वरच चालतं, तीच निळी स्क्रीन, ऑल्ट-एफ९ ने कंपाइल, कंट्रोल-एफ९ ने रन, त्यामुळे एडिटर (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) नावाची वस्तू आपण निवडायची असते हे आत्तापर्यंत डोक्यातच नव्हतं. आता सुट्टीत घरी पायथन आणि थोडं एचटीएमएल-जावास्क्रिप्ट शिकायचंय, सी पण चालू ठेवायचंय.

लॅपटॉप चुलतभावाचा जुना आहे, आय३, ४ जीबी रॅम, एसएसडी नाही साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड हा एडिटर टाकून बघितला तर उघडायलाच जीव काढतो, आणि क्रोम शेजारी चालू असेल तर पंखा असा ओरडतो की घरचे विचारतात काय झालं. रूममेट म्हणतो कंपनीत सगळीकडे व्हीएस कोडच असतो तोच शिक. एक सिनियर म्हणतो विम नावाचा नुसत्या कीबोर्डवर चालणारा जुना एडिटर शिक, बाकी सगळं पोरखेळ. यूट्यूबवर तर प्रत्येकाचं वेगळंच.

अजून एक, आईच्या बचत गटाचा हिशोब ठेवायचा छोटा प्रोग्राम पायथनमध्ये करतोय, त्यात बायकांची नावं मराठीत आहेत. स्क्रीनवर नाव नीट दिसतं पण फाइलमध्ये लिहायला गेलं की "चारमॅप कोडेक" असं कायतरी म्हणत एरर येतो. हा एडिटरचा दोष आहे का? एडिटर बदलला की जाईल का?

कुणी नीट सांगेल का. भांडू नका प्लीज 🙏

---

चिंचवडचा_बंड्या

रूममेट बरोबर बोलतोय रे. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटच्या २०२४ च्या सर्वेत ७३ टक्क्यांच्या वर लोकांनी व्हीएस कोड वापरतो असं सांगितलं होतं, म्हणजे अडलास तर उत्तर शोधायला त्रास नाही, हाच सगळ्यात मोठा फायदा. फुकट आहे, पायथन सी जावास्क्रिप्ट सगळं एकात होतं.

जड का होतो तर तो इलेक्ट्रॉनवर बनवलेला आहे, म्हणजे एडिटरच्या आत अख्खा क्रोमियम ब्राउझर बसलाय. शेजारी क्रोम उघडलास की दोन ब्राउझर झाले, ४ जीबीत विंडोज, क्रोम आणि हा, तिघं कसे मावणार. पण त्यातला बराच भार एक्स्टेंशनचा असतो. नवीन पोरं व्हिडिओ बघून वीस-वीस एक्स्टेंशन टाकतात, थीम, आयकॉन, मांजर फिरणारी खिडकी, काय काय. हेल्प मेनूत जाऊन प्रोसेस एक्सप्लोरर उघड, कोण किती मेमरी खातंय ते दिसेल. पायथनचं एक ठेव बाकी सगळी बंद कर. आणि क्रोम बंद ठेवून मोबाइलवर डॉक्युमेंटेशन वाच.

जमलं तर एसएसडी टाक. खरं सांगायचं तर तुझा प्रॉब्लेम एडिटरचा नाहीच, हार्ड डिस्कचा आहे.

---

टर्मिनलकाका

@बंड्या, पोराकडे पैसे असते तर त्याने नवीन लॅपटॉपच घेतला नसता का.

बाळा, सिनियरने सांगितलं ते चुकीचं नाही फक्त सांगायची पद्धत चुकली. मी पुण्यात सर्व्हर सांभाळतो, आयुष्य काळ्या खिडकीत गेलं. सर्व्हरवर एसएसएचने (म्हणजे दुरून, टर्मिनलमधून) शिरलास की तिथे ना व्हीएस कोड असतो ना माउस, बहुतेक ठिकाणी व्हीआय, म्हणजे विमचा बाप, मात्र असतोच. रात्री दोनला कॉन्फिग फाइलमधली एक ओळ बदलायची असते तेव्हा ज्याला व्हीआय येतो तो बदलून झोपतो, ज्याला येत नाही तो दुसऱ्याला उठवतो.

हा व्हीआय बिल जॉयने १९७६ च्या सुमाराला बर्कलेत लिहिला. बाण म्हणून एच-जे-के-एल का, तर तो ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर काम करायचा त्याच्या कीबोर्डवर त्याच चार अक्षरांवर बाण छापलेले होते, वेगळ्या बाणाच्या कळाच नव्हत्या. एस्केपची कळ पण तिथे आज टॅब असतो त्या जागी होती, म्हणून सारखं एस्केप दाबायला त्याला काही वाटलं नाही, आपली करंगळी मात्र दुखते. लाइन पण इतकी संथ की स्क्रीन पुन्हा रंगवायला वेळ लागायचा, त्यामुळे कमीत कमी कळांत जास्तीत जास्त काम. आज तुझा लॅपटॉप संथ आहे ना, मग हा एडिटर तुझ्यासाठीच बनलाय म्हण 😄

विम म्हणजे त्याचा पुढचा अवतार, ब्राम मूलेनारने १९९१ मध्ये बाहेर काढला आणि २०२३ मध्ये जाईपर्यंत तोच सांभाळत होता. नुसता विम उघडलास की युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा अशी ओळ दिसते, ती त्यानेच घातलेली. विम फुकट आहे, पैसे द्यावेसे वाटले तर तिकडे द्या, असा माणूस.

मेमरी किती खातो? व्हीएस कोडच्या मानाने काहीच नाही. विमट्यूटर नावाचा धडा सोबतच येतो, अर्ध्या तासाचा आहे, तो कर. "सी आय कंस" असं टाइप केलं की कंसातलं सगळं पुसून तू लिहायला तयार, "डी डी" ने ओळ उडते, टिंब दाबलं की मागचीच क्रिया परत. एकदा हाताला बसलं की माउसकडे हात जात नाही.

---

सुमेधा_कोडते

काका, ते कंसातलं पुसणं मलाही आवडतं, पण ज्या मुलाला अजून एडिटर आणि कंपायलर वेगळे असतात हे कुणी सांगितलं नाहीये त्याला पहिल्याच दिवशी विमचे मोड (लिहायचा वेगळा, कमांडचा वेगळा) शिकवायचे म्हणजे अवघड आहे. स्टॅक ओव्हरफ्लोने २०१७ मध्ये गमतीत लिहिलं होतं की विममधून बाहेर कसं पडायचं या एका प्रश्नाने दहा लाख डेव्हलपरना मदत केली. दहा लाख लोक आत अडकले होते काका.

@कृष्णाकाठ, आधी मूळ गोंधळ सोडवू, कारण मी मुलांना शिकवते आणि दरवर्षी हाच दिसतो. टर्बो सी मध्ये लिहायची जागा, कंपायलर, डीबगर सगळं एका निळ्या खिडकीत कोंबलेलं आहे, म्हणून मुलांना वाटतं एडिटर बदलला की भाषा बदलते. तसं नाहीये. एडिटर फक्त अक्षरं फाइलमध्ये ठेवतो. सी चा प्रोग्राम कंपाइल करतो तो जीसीसी नावाचा कंपायलर, पायथनचा चालवतो तो पायथन. म्हणून माझं म्हणणं असं की आठवडाभर कुठल्याही साध्या एडिटरमध्ये लिही आणि कमांड प्रॉम्प्टवर स्वतःच्या हाताने "जीसीसी, फाइलचं नाव" देऊन कंपाइल कर, "पायथन, फाइलचं नाव" देऊन चालव. एररची ओळ स्वतः वाच, ओळ क्रमांक बघ, एडिटरमध्ये त्या ओळीवर जा. हे जमलं की कुठलाही एडिटर तुला दहा मिनिटांत येईल, आणि व्हीएस कोडमध्ये ते रनचं त्रिकोणी बटण दाबल्यावर आत काय होतं तेही कळेल. ते बटण चाललं नाही की हातपाय गाळून बसणारी नोकरीतली माणसं बघितली आहेत मी.

आणि टर्बो सी वरून जीसीसी वर येताना तुझे जुने प्रोग्राम धडाधड पडतील, घाबरू नकोस. टर्बो सी++ नव्वदीच्या सुरुवातीचा, सी++ चं पहिलं प्रमाण आलं १९९८ मध्ये, म्हणून ते "आयओस्ट्रीम डॉट एच" आता चालत नाही, नुसतं "आयओस्ट्रीम" लिहायचं आणि "एसटीडी" वापरायचं. "व्हॉइड मेन" च्या जागी "इंट मेन". "सीएलआरएससीआर" मिळणार नाही, "गेटच" विंडोजवरच्या जीसीसीत मिळतो पण सवय सोड. आणि सगळ्यात गमतीचं म्हणजे टर्बो सी १६ बिटचा, त्यात इंट दोन बाइटचा, ३२७६७ च्या पुढे गेलास की आकडा उलटा होऊन उणे दाखवतो. जीसीसीत इंट चार बाइटचा. बचत गटाचा हिशोब टर्बो सी मध्ये केला असतास तर चाळीस हजार जमा झाल्यावर गट कर्जात दिसला असता 😀 पुस्तकात इंटचा आकार २ लिहिलेला असतो आणि परीक्षेत तेच मागतात, तर परीक्षेत तेच लिही, घरी साइझऑफ ने स्वतः बघ.

आता नावं. तुझ्या मशीनवर मी दोन सुचवीन. एक जीनी, छोटासा आहे, पटकन उघडतो, खाली कंपाइलचं बटण पण देता येतं. दुसरा केट, हा केडीई वाल्यांचा, लोकांना वाटतं फक्त लिनक्सवर चालतो पण विंडोजच्या स्टोअरमध्ये पण आहे. नोटपॅड++ पण वाईट नाही, २००३ पासून आहे आणि आपल्याकडे निम्म्या ऑफिसात लॉग बघायला तोच असतो, फक्त विंडोजपुरता. तिघांपैकी मी केट घेतला असता, त्याचं कारण खाली लिहिते.

राहिलं ते ऑटोकम्प्लीट आणि चुकीच्या ओळीखाली लाल रेघ, ही जादू व्हीएस कोडची एकट्याची राहिलेली नाही. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल सगळ्यांना खुला केला, त्यामुळे भाषा समजणारा भाग वेगळा प्रोग्राम म्हणून चालतो आणि कुठलाही एडिटर त्याच्याशी बोलू शकतो. सी साठी क्लँगडी हा असा प्रोग्राम टाकलास की केटमध्ये पण तीच लाल रेघ येते, केटला ते आतूनच जमतं. अर्थात क्लँगडी पण मेमरी खातो, पण आत ब्राउझर तरी नाही.

एक सेटिंग मात्र पहिल्या दिवशी कर, कुठलाही एडिटर घे. टॅबच्या जागी चार स्पेस. काही एडिटर मुळात खरा टॅब घालतात, आणि इंटरनेटवरून उचललेल्या कोडमध्ये स्पेस असतात, मग पायथन टॅबएरर देऊन बसतो आणि डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं.

---

श्टुटगार्टचा_सदू

सुमेधाताईंनी सगळं सांगितलंच आहे, मी फक्त मराठीच्या मुद्द्यावर येतो कारण त्याकडे कुणी बघितलंच नाही.

तुझा चारमॅपवाला एरर एडिटरचा नाहीये. विंडोजवर पायथन फाइल उघडताना सिस्टिमचं जुनं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) धरतो, आपल्याकडे बहुधा सीपी१२५२, त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत म्हणून तो हात वर करतो. स्क्रीनवर छापताना वेगळा रस्ता आहे म्हणून तिथे दिसतं. फाइल उघडताना ओपनच्या कंसात एन्कोडिंग, मग बरोबरचं चिन्ह, मग "यूटीएफ-८" असं स्पष्ट लिही, वाचताना पण आणि लिहिताना पण. आणि हिशोब सीएसव्हीत काढून आईला एक्सेलमध्ये दाखवणार असशील तर "यूटीएफ-८-सिग" लिही, नाहीतर एक्सेल सगळ्या नावांचा भुगा करून दाखवतं.

आता एडिटर. काका रागावतील पण विममध्ये मराठी लिहिणं म्हणजे शिक्षा आहे. इन्सर्ट मोडमध्ये कीबोर्ड मराठीवर टाकून कॉमेंट लिहिली, एस्केप दाबला, आणि ओळ उडवायला डी दोनदा दाबलं तर कीबोर्ड अजून मराठीवरच असल्यामुळे विमला डी मिळतच नाही, कुठलंतरी देवनागरी अक्षर मिळतं आणि तो नुसता बघत बसतो. प्रत्येक वेळी आधी कीबोर्ड इंग्रजीवर आणायचा मग कमांड. लँगमॅप वगैरे उपाय आहेत पण त्यात डोकं घालण्यापेक्षा कॉमेंट इंग्रजीत लिहिणं सोपं. शिवाय टर्मिनलमध्ये देवनागरी जोडाक्षरं मोडतात, वेलांटी एकीकडे अक्षर एकीकडे, कर्सर नक्की कुठे आहे ते कळत नाही.

मी ईमॅक्स वापरतो (आता शिव्या घाला). त्यात देवनागरीची इनपुट पद्धत आतच आहे, इन्स्क्रिप्ट पण आहे आणि आयट्रान्स पण, कंट्रोल-बॅकस्लॅशने चालू-बंद. कीबोर्ड सिस्टिममध्ये इंग्रजीच राहतो त्यामुळे कंट्रोलवाल्या कमांड मराठी चालू असताना पण तशाच चालतात. २०२० च्या २७ व्या आवृत्तीपासून हार्फबझ (अक्षरं जुळवून दाखवणारी लायब्ररी) आहे त्यामुळे जोडाक्षरं पण नीट दिसतात. स्टॉलमनचा ग्नू ईमॅक्स १९८५ चा, तेव्हा तो मेमरीखाऊ म्हणून त्याची टिंगल व्हायची, आज व्हीएस कोडशेजारी तोच सडपातळ वाटतो. तरीही मी तुला ईमॅक्स घे म्हणणार नाही. त्याच्या कॉन्फिगमध्ये माणूस हरवतो, सुट्टी संपेल आणि पायथन तसंच राहील.

आणि व्हीएस कोडमध्ये मराठी लिहिलंस तर कधीकधी "दुसऱ्या" सारख्या शब्दातल्या त्या अर्ध्या र भोवती पिवळी चौकट येते, तेव्हा घाबरू नकोस. काही कीबोर्ड तो र काढायला न दिसणारं जोडअक्षर घालतात आणि व्हीएस कोड २०२१ पासून अशी अदृश्य अक्षरं दाखवून देतो, कोडमध्ये कुणी काही लपवून ठेवू नये म्हणून. पण याचा खरा त्रास वेगळाच. एका फाइलीत त्या अदृश्य अक्षरासकट नाव आणि दुसरीत त्याशिवाय असेल, तर दिसायला "कऱ्हाडे" दोन्हीकडे सारख्याच आणि पायथन म्हणणार या दोन वेगळ्या बायका आहेत. नावावरून खातं शोधू नकोस, प्रत्येकीला नंबर दे.

---

कृष्णाकाठचा_पोरगा

सदूदादा एन्कोडिंग घातलं आणि चाललं!! 🙏🙏 आणि ते नावाचं खरंच होतंय, आमच्या गटात दोन कऱ्हाडे काकू आहेत आणि माझ्या प्रोग्रामात तीन दिसत होत्या, मला वाटलं आईनेच चुकून जास्त सांगितली. नंबर देतो आता सगळ्यांना.

सुमेधाताई केट टाकला, झटकन उघडतो आणि क्रोम चालू असला तरी पंखा शांत. पण तुम्ही सांगितल्याप्रमाणे कमांड प्रॉम्प्टवर जीसीसी लिहिलं तर "इज नॉट रेकग्नाइज्ड" असं येतंय. मला वाटलं केटबरोबर येईल तो.

आणि काका, विमट्यूटर केलं मजा आली पण सध्या केटच. ते एआयवालं कोपायलट पण वापरू का, रूममेट सगळं त्यातच करतो.

---

चिंचवडचा_बंड्या

कोपायलटचं मी सांगतो कारण मी रोज वापरतो. कामाला उत्तम आहे, शिकायला सध्या बंद ठेव. तुमची प्रॅक्टिकलची परीक्षा टर्बो सी वर, तोंडी परीक्षेत सर विचारणार हा लूप इथे का, तिथे कोण टॅब दाबून उत्तर देणार. कॅम्पसच्या कोडिंग टेस्टमध्ये पण ब्राउझरमधला साधा चौकोन असतो, बऱ्याच ठिकाणी खिडकी बदलली तरी नोंद होते. रूममेटला एकदा कागदावर बबल सॉर्ट लिहायला सांग आणि बघ.

एसएसडीचं मात्र मनावर घेच. विंडोज १० चा सपोर्ट पण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे एसएसडी टाकताना सोबत लिनक्स मिंटचा एक्सएफसीई वाला (हलक्या डेस्कटॉपचा) टाकून टाक, ४ जीबीत आरामात चालतो आणि जीसीसी-पायथनची कटकट पण तिथे नसते.

---

सुमेधा_कोडते

जीसीसी केटबरोबर येत नाही, एडिटर वेगळा कंपायलर वेगळा हेच तर म्हणत होते 🙂 विंडोजवर तो स्वतः टाकावा लागतो. डब्ल्यू६४डेव्हकिट नावाचं एक छोटं पॅकेज आहे, इन्स्टॉल करायची पण गरज नाही, सी ड्राइव्हमध्ये उलगडून ठेव, त्यात जीसीसी पण आहे आणि जीडीबी डीबगर पण. फोल्डरच्या नावात स्पेस किंवा मराठी अक्षर ठेवू नकोस. मग स्टार्टमध्ये "एन्व्हायर्नमेंट" शोध, पाथ नावाच्या व्हेरिएबलमध्ये त्याच्या "बिन" फोल्डरचा पत्ता जोड, जुनं काही पुसू नकोस फक्त नवीन ओळ वाढव. आणि हे केल्यावर कमांड प्रॉम्प्ट बंद करून नवीन उघड, जुन्या खिडकीला नवा पाथ कळत नाही, इथे निम्मी मुलं अडकतात. मग "जीसीसी" पुढे दोन डॅश आणि "व्हर्जन" लिही, आकडा आला की झालं.

कंपाइल करताना डॅश-डब्ल्यू-ऑल पण जोडत जा, वॉर्निंग जास्त दाखवतो.

---

टर्मिनलकाका

त्या डेव्हकिटमध्ये विम पण असतो बरं का, सुमेधाने मुद्दाम सांगितलं नाही 😄

ट्यूटर केलंस हे बरं केलंस, सदूचं मराठीचं म्हणणं मला मान्य आहे, मी मराठी कॉमेंट लिहीतच नाही त्यामुळे कधी आडवं आलं नाही. पण तेवढं विसरू नकोस. पुढे गिट (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) शिकशील, विंडोजवर गिट टाकताना एडिटर कोणता असं विचारतो आणि तू काही न बदलता पुढे पुढे दाबलंस तर विमच लागतो, पहिल्या कमिटला (बदलांची नोंद करताना) तो उघडेल आणि काहीच टाइप होईना असं वाटेल. तेव्हा आय दाबून संदेश लिही, एस्केप, मग कोलन डब्ल्यू क्यू आणि एंटर. काहीतरी बिघडलं तर एस्केप, कोलन क्यू उद्गारचिन्ह, न सेव्ह करता बाहेर. नाहीतर गिट टाकतानाच त्या यादीत नॅनो निवड, त्यात खाली कळा लिहिलेल्याच असतात, कंट्रोल-ओ ने सेव्ह आणि कंट्रोल-एक्स ने बाहेर. मी काही रागावणार नाही.

---

कृष्णाकाठचा_पोरगा

जीसीसी चालू झालं ताई, खिडकी नवीन उघडली आणि लगेच आकडा आला. जुना प्रोग्राम टाकला तर डॅश-डब्ल्यू-ऑल ने अकरा वॉर्निंग दिल्या, त्यातल्या दोन खऱ्याच चुका होत्या ज्या टर्बो सी ने कधी दाखवल्याच नाहीत, एका ठिकाणी इफमध्ये दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह होतं. एसएसडीचं दादाला विचारतो.